कोरीची सुई

“भूल नको,” गुरवमामा म्हणाले. “मी धरतो.”

मी हातातली बाटली परत खणात ठेवली. भूल म्हटलं की मामांचा चेहरा कसा होतो हे मला माहीत होतं, आणि त्याला कारण मीच होते.

टेबलावर जुना पंचा अंथरलेला होता. मामांनी पिंजऱ्यात हात घातला, पोटाखाली तळवा सरकवून टेलला उचललं, पंच्यात गुंडाळलं आणि दोन बोटं तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना ठेवली. दाबलं कुठेच नाही. टेल म्हणजे पांढरी, लाल डोळ्यांची, प्रयोगशाळेतली उंदरीण. ती निवांत मिशा हलवत होती.

“खांद्यांच्या मधी, व्हय न्हवं?”

“हो. पण सुई जाड आहे, मामा.”

“दावा बगू.”

मी दाखवली. सुईच्या पोकळीत तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी कांडी दिसत होती. “ही कातडीखाली राहणार. हळूहळू औषध सोडणार. अंडाशय गप्प बसलं की गाठी वाढवणारा स्रावही कमी होतो. पोट कापायला नको, काही नको. फक्त पहिले दोन आठवडे उलटं होईल, ती जास्तच माजावर येईल. मग एकदम थांबेल.”

“आनि ही उंदरांसाठीच केलीया?”

“नाही. कुत्र्यांसाठी. पण तिकडे परदेशात उंदरांनाही देतात.”

“म्हंजे आपनबी बगायचंच हाय.”

“बघायचंच आहे,” मी म्हणाले आणि सुई घातली. टेल एकदा चीं करून गप्प झाली. मी दट्ट्या दाबला. मामांनी अंगठा खाली सरकवून कातडी चाचपली.

“सरकला दाना,” ते म्हणाले. मग टेलला पिंजऱ्यात सोडून त्यांनी दुसरीला उचललं. “आता कोरी.”

ही दहा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी माझा दवाखाना होता. शेजारच्या दुकानात भोपळे वाळत टांगलेले असायचे आणि माझ्या बाकावर कुत्री भुंकत असायची. पशुवैद्य होऊन मला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत मी कुत्र्यांना रेबीजच्या सुया टोचल्या, बैलगाडी शर्यतीतल्या बैलांचे खूर पाहिले, अडलेल्या म्हशी सोडवल्या. कॉलेजात पहिल्या पाचांत असलेल्या मुलीला हे सगळं जरा खाली आल्यासारखं वाटायचं. आज लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं खरं.

अशात एक दिवस पिराजी गुरव नावाचे गृहस्थ सायकलच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून आले आणि त्यांनी पिशवीतून पिंजरा काढला. बाकावरचे सगळे लोक उठून उभे राहिले.

मामा एका फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात एकतीस वर्षं नोकरीला होते. कॉलेजातली मुलं अशा माणसांना मामाच म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. उंदीर पोसणं, पिंजरे धुणं, खाली अंथरलेलं तूस बदलणं, वजनं करणं, आणि प्रयोग संपला की शेवटचं कामसुद्धा, हे सगळं त्यांच्याकडे. निवृत्त होताना त्यांनी साहेबांकडे एकच मागणी केली. प्रयोगात न घेतलेल्या, एकाच वेताच्या चार बहिणी घरी नेऊ द्या. साहेबांना वाटलं मामा थट्टा करतायत. मग त्यांनी सही केली.

प्राणिगृहात उंदरांना नावं नसतात. पिक्रिक म्हणून एक पिवळं रसायन असतं, ते काडीला कापूस लावून उंदराच्या अंगावर टेकवायचं. एकीच्या डोक्यावर, एकीच्या पाठीवर, एकीच्या शेपटीच्या मुळाशी. चौथीला काही लावायचं नाही. तीन खुणा झाल्या की चौथी आपोआप ओळखू येते. मामांनी घरीही तीच पद्धत चालू ठेवली. हेड, बॅक, टेल आणि कोरी. त्यांच्या बायकोने, हौसामावशींनी, “हळद लावा की, ते इखारी कशाला” म्हणून हळद लावून पाहिली. बहिणींनी एकमेकींना चाटून संध्याकाळपर्यंत ती संपवली.

हेडला वर्षाची होताच काखेत गाठ आली. मी काढली. दोन महिन्यांनी मांडीपाशी दुसरी आली, लिंबाएवढी झाली, आणि हेड गेली. उंदरिणींना या गाठी फार होतात, अंडाशय काढलं तर कमी होतात, हे मी वाचून मामांना सांगितलं. मी सांगितलं म्हणून त्यांनी बॅकला आणलं. ती शस्त्रक्रिया फार छान झाली. टाके अगदी बारीक, रक्त नाही, मी स्वतःवर खूश होते. बॅक भुलीतून उठलीच नाही. अडीचशे ग्रॅमच्या जिवाला भूल किती आणि कशी द्यायची, त्यासाठी लागणारं यंत्र माझ्याकडे नव्हतं, आणि नाही म्हणण्याचं शहाणपणही नव्हतं.

मामांनी तिला पंच्यात गुंडाळलं. दारातून वळून म्हणाले, “राहिल्याल्या दोघींना कापायचं न्हाई, मॅडम. दुसरं काय असंल तर बगा. न्हाईतर जे हुईल ते हुईल.”

मी बघितलं. माझ्या वर्गातला अमोघ परदेशात लहान प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला होता. त्याला फोन केला तेव्हा तो आधी पोट धरून हसला. “पाच वर्षं डोंगर पोखरलास आणि उंदीर काढलास?” म्हणाला. मग त्याने मला या कांडीबद्दल सांगितलं. बहिणीच्या लग्नासाठी मे महिन्यात आला तेव्हा रीतसर कागद करून दोन कांड्या घेऊन आला. माझ्या फ्रीजमध्ये त्या ठेवताना तो सहज बोलून गेला.

“सख्ख्या बहिणी, एक वय, एक खाणं, एक पिंजरा. अशी जोडी आम्हाला मिळत नाही गं. एकीला देऊन दुसरीला नुसती सुई टोचली असतीस तर नोव्हेंबरच्या परिषदेत वाचता आलं असतं. आपल्याकडे कुणी केलंय का हे?”

“मामा देतील का करू?” मी म्हणाले.

“ते आहेच,” तो म्हणाला आणि लग्नाच्या जेवणाबद्दल बोलू लागला.

तो विसरला. मी विसरले नाही. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. दुसरी कांडी कुठे पळून जात नव्हती. फ्रीजमध्ये राहील, दोन-तीन महिन्यांनी कोरीला देऊ. तोवर दोघींची वजनं, माजाची लक्षणं, सगळं शेजारी शेजारी लिहू. कोरीचं काय बिघडणार होतं? तशीही ती सोळा महिने कांडीवाचून जगलीच होती. मामांना विचारायचं, असंही ठरवलं. मग वाटलं, बॅक गेल्यावर आता कुठल्या तोंडाने विचारू? ते नाही म्हणाले तर? नाही ऐकायचं नव्हतं म्हणून मी विचारलंच नाही.

तर मामा म्हणाले, “आता कोरी.”

मी त्यांच्याकडे पाठ करून ट्रेमधली दुसरी सुई उचलली. गुरांसाठीची, तेवढीच जाड आणि रिकामी. कोरी टेलपेक्षा धीट होती. तिने पंच्यातून नाक बाहेर काढून माझ्या बोटाचा वास घेतला. मी सुई घातली, बाहेर काढली, वर जखम चिकटवायच्या डिंकाचा थेंब लावला. तिनेही एकदाच चीं केलं.

मामांचा अंगठा तिच्या कातडीवर क्षणभर थांबला.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणाले.

त्यानंतर मामा दर गुरुवारी चार वाजता येऊ लागले. मीच बोलावलं होतं. सोनाराकडून आणलेल्या तराजूवर दोघींची वजनं करायची, पोट, काखा, मांड्या चाचपायच्या, वहीत दोन रकान्यांत लिहायचं. मामांना हे सगळं पाठ होतं. मी चुकीच्या जागी पेन्सिल टेकवली तरी ते खाकरायचे.

“पाठीवरनं असा हात फिरवायचा,” त्यांनी मला दाखवलं. “माजावर असली तर पाठ खाली घालती, आनि कान बगा, कान थरथरत्यात. लई बारीक. डोळं झाकून बोटाला कळतंय. दर चार-पाच दिवसांनी येती ती पाळी.”

“हे पुस्तकात नाही मामा. म्हणजे आहे, पण बोटाला कळतं असं नाही लिहिलेलं.”

“पुस्तक लिवनाऱ्यांनी पिंजरं कुठं धुतल्यात,” मामा म्हणाले.

खरं सांगते, ते गुरुवार मला फार आवडायचे. आठवडाभर गोचिडांशी झटापट केल्यावर गुरुवारी आपण काहीतरी शोधतो आहोत असं वाटायचं. टेल तिसऱ्या आठवड्यापासून शांत झाली, जरा जाडही झाली. कोरी होती तशीच, धीट आणि सडसडीत. माझी दोन रकान्यांची वही भरत होती. परिषदेसाठी सारांश पाठवायची शेवटची तारीख मी भिंतीवर लिहून ठेवली होती.

पाचव्या गुरुवारी मामांच्या सायकलची चेन तुटली, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत पिंजरा. हौसामावशींनी चहा आणि लाडू समोर ठेवला.

“मॅडम, तुमीच सांगा ह्यास्नी,” त्या म्हणाल्या. “माझ्या म्हायेरची मान्सं आली तर घराबाहीरच बसत्यात. सगळं गाव उंदीर मारायचं औषध आनतंय आनि आमचं हे उंदरास्नी गाजर किसून घालत्यात. पोरीला सोयरीक आली तवा मी पिंजऱ्यावर लुगडं टाकलं हुतं.”

“मग जमली का सोयरीक?”

“जमली की. जावई आता सोता येऊन गाजर घालतोय.”

मामा हसले नाहीत. त्यांच्या मांडीवर कोरी बसली होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या तारखांभोवती लाल आणि निळ्या पेन्सिलीने गोल काढलेले होते. मला वाटलं गॅसच्या टाकीचं, नाहीतर मावशींच्या उपासांचं काहीतरी असेल.

“मामा, सगळ्यांना खूण आहे, मग हिलाच का नाही? आता दोघीच उरल्यात. हिला काहीतरी नाव द्या की.”

मामांनी कोरीच्या पाठीवरून हात फिरवला. “आमच्याकडं प्रयोग चालू झाला की खुनेच्या उंदरास्नी औषध टोचायचं, आनि कोऱ्यास्नी नुसतं मिठाचं पानी. मग महिन्यानं, दोन महिन्यानं शेवट. शेवटाला समदे जायचे. खुनेचे आजारी असायचे, त्यांचं येक येळ ठीक. सुटले म्हनायचं. पन कोऱ्यास्नी काय झाल्यालंच नसायचं. तब्येतीत असायच्या, हात लावला की जवळ यायच्या. त्यास्नी कशापायी, तर बाकीच्यांचं काय झालं ते कळावं म्हनून. एकतीस वर्षं त्या माझ्याच हातानं गेल्या, मॅडम. म्हनून घरी आनताना कोरी येक तरी पायजे असं मी ठरिवलं हुतं. नाव न्हाई दिलं, तिचं तेच नाव हाय.”

मी अर्धा लाडू बशीत परत ठेवला. मावशींनी पाणी दिलं. मी आणखी थोडं बसले, वजनं लिहून घेतली आणि निघाले. रस्त्यात तीनदा ठरवलं की उद्याच सांगायचं. उद्या एक म्हैस अडली होती. परवा सारांशाचा पहिला परिच्छेद लिहून झाला. चांगला जमला होता, वाचून पुन्हा वाचला. सहाव्या गुरुवारी मामा आले तेव्हा मी वजनं घेतली आणि काहीच बोलले नाही.

सातव्या गुरुवारी, दोन जुलैला, मामा आले तेव्हा पिंजऱ्यात एकटी कोरी होती. बगलेत गुंडाळी होती.

“टेल कुठेय?”

“घरी, गाजर खातीया. तिचं काम झालंय,” मामा म्हणाले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि गुंडाळी टेबलावर पसरली. भिंतीवरचं तेच कॅलेंडर होतं, मे, जून आणि जुलै.

“लाल टेलचं. निळं कोरीचं. ज्या दिशी कान थरथरलं त्या दिशी गोल. रोज सांजच्याला बगत हुतो.”

मी वाकून पाहिलं. चौदा मेला आम्ही सुया टोचल्या होत्या. सतरा, अठरा, एकोणीस, वीस, सलग चार लाल गोल. मग चोवीसला एक. त्यापुढे लाल काही नाही. जून कोरडा. निळे गोल मात्र पंधरा मेला सुरू झाले होते, आणि चार-पाच दिवसांनी एक असे थेट तीस जूनपर्यंत गेले होते. एकही चुकला नव्हता. माझ्या वहीत एवढं नेटकं काही नव्हतं.

“हिची सुई राहिलीया, मॅडम,” मामा म्हणाले.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. कधी कधी कांडी डिंकातून बाहेर पडते, मामा. कधी कधी एखाद्या प्राण्याला लागूच पडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तसं होतं. मी तोंड उघडलं सुद्धा. “मामा, कधी कधी काय होतं...” एवढं म्हणाले. तेवढ्यात कोरी पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून उभी राहिली, दर गुरुवारी राहायची तशी, माझ्या बोटाचा वास घ्यायला. माझं वाक्य तिथेच संपलं.

मी फ्रीज उघडला. रेबीजच्या बाटल्यांच्या मागून दुसऱ्या कांडीचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

मामांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि लांब श्वास सोडला. “ठिवलीया न्हवं. बरं झालं. मला भ्या वाटत हुतं, दुसऱ्या कुनाला दिली का काय.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“त्याच दिशी संशय आला. टेलच्या येळंला बोटाखालनं दाना सरकला, हिच्या येळंला काय सरकलं न्हाई. म्हटलं, म्हातारं बोट हाय. तरी दुसऱ्याच दिशी पेन्सिली आनल्या. मग दर गुरवारी तुमी आधी कोरीला उचलाय लागला. टेलला औषध दिल्यालं, तर बगायचं टेलकडं. पन आमच्याकडंबी पीएच.डी.वाले असंच करायचे. आल्या आल्या कोऱ्यांच्या पिंजऱ्याकडं. कोऱ्या बदलल्या न्हाईत तरच त्यांचं काम खरं.” त्यांनी पाकीट खाली ठेवलं. “तवा माझी खात्री पटली.”

“मग बोलला का नाहीत, मामा? सात आठवडे.”

“म्हटलं आज सांगतील. घरी आला तवा वाटलं आता सांगतील. तवा मी तुमास्नी कोऱ्यांचं सांगितलंबी. न्हाई सांगितलंत.” मामांनी कॅलेंडरवरची घडी हाताने सपाट केली. “आनि खोटं कशाला बोलू. मलाबी बगायचं हुतं. कान खरंच थांबत्यात का. जन्मभर मी नुसतं धरत आलो, लिवलं दुसऱ्यांनी. तुमी इचारलं असतं तर मीच म्हनलो असतो, महिनाभर थांबू या, दोघं मिळून बगू. सात आठवडं झालं, तर मलाच चैन पडंना. रोज तिच्या काखंत बोट घालायचं आनि देवाचं नाव घ्यायचं.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. मला रडू आलं होतं आणि ते दिसू नये असं फार वाटत होतं. “मला भीती वाटली तुम्ही नाही म्हणाल म्हणून.”

“म्हनलो असतो कदाचित. मग?” मामा पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत म्हणाले. “आमचे साहेब उंदरास्नी इचारत नव्हते, ते मला कळतंय. पन मी उंदीर न्हाई, मॅडम.”

बाहेर बाकावर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. शेवटी मामांनीच पंचा पसरला, कोरीला गुंडाळलं आणि दोन बोटं तिच्या मानेपाशी ठेवली.

“चला, घाला. ह्या येळंला मी नीट चाचपनार.”

मी कांडी घातली. त्यांनी अंगठा फिरवला, मग माझा हात धरून माझं बोट तिथे टेकवलं. कातडीखाली दाणा होता. हलवला की सरकत होता.

मामांनी शर्टाच्या खिशातून छोटी बाटली आणि काडी काढली. मला वाटलं ते स्वतः खूण करतील, पण काडी त्यांनी माझ्याकडे दिली. “पाठीवर लावा. बॅकच्या जागी. आता ही कोरी राहिली न्हाई.” मला सवय नव्हती. निम्मं कोरीला लागलं, निम्मं माझ्या बोटांना. साबणाने धुतलं, लिंबू चोळलं, पिक्रिक निघत नाही. आठवडाभर मी पिवळ्या बोटांनी जेवले. नाव मात्र मामांनीही बदललं नाही, कोरीच म्हणत राहिले.

जाताना त्यांनी कॅलेंडर टेबलावरच ठेवलं. “तुमच्या कागदाला लागंल.”

मी सारांश पाठवला नाही. अमोघने फोनवर विचारलं, कंट्रोलचं काय झालं? मी म्हटलं, तिला कांडी दिली. तो म्हणाला, अरेरे, एवढी चांगली जोडी होती.

मामा पुढच्या गुरुवारी येतील अशी मला आशा नव्हती. चार वाजता सायकलची घंटा वाजली. दोघी पिंजऱ्यात होत्या. मामांनी आधी कोरीला तराजूवर ठेवलं आणि काटा स्थिर होईपर्यंत तिच्यावरून नजर हलवली नाही. तसे पाच महिने गेले. कोरीचेही कान थांबले. नव्या कॅलेंडरवरचे निळे गोल जुलैच्या मध्यावर संपले, तेव्हा मामांनी पिशवीतून पेढे काढले.

डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी कोरीच्या उजव्या काखेत माझ्या बोटाला काहीतरी लागलं. वाटाण्याच्या निम्मं. मी बोट काढून परत लावलं, परत काढलं. मामा माझ्याकडे बघत होते. मी त्यांचं बोट तिथे नेलं. त्यांनी डोळे मिटून चाचपलं.

“व्हय,” ते म्हणाले.

टेलला मी तीनदा तपासलं. टेलला काही नव्हतं.

मी खुर्चीत बसले. माझ्या डोक्यात ते निळे गोल एकामागून एक येत होते, पंधरा मे ते तीस जून. प्रत्येक गोलाला तिच्या अंगात तो स्राव पुन्हा चढला होता आणि कांडी माझ्या फ्रीजमध्ये होती. शेवटी मी विचारलंच. या खेपेला विचारलं.

“मामा, ते सात आठवडे नसते तर हिला गाठ आली नसती का?”

मामांनी कोरीला छातीशी धरलं होतं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. तुमच्यामुळं झालं म्हणाले असते तर मला ते कुठेतरी ठेवता आलं असतं. तुमच्यामुळं नाही म्हणाले असते तर मी घरी जाऊन झोपले असते.

“येकीवरनं काय कळत न्हाई, मॅडम,” ते म्हणाले. “तुमीच शिकलाय न्हवं.”

मग त्यांनी कोरीला तराजूवर ठेवलं आणि काटा थांबेपर्यंत तिच्या पाठीवर बोट टेकवून उभे राहिले.

“लिवा,” म्हणाले. “दोनशे एकोनसाठ.”

मी वही उघडून तिच्या रकान्यात वजन लिहिलं.